वाळूच्या पेटीपाशी

जानेवारी लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी सातलाच शाळांच्या सहलीच्या बसगाड्या येऊन उभ्या राहतात. पिवळ्या टोप्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि आयांचं चालूच असतं, "खिडकीतून हात बाहेर काढलास तर बघ!" बोरिवलीत राहायला आले तेव्हापासून हे बघतेय. पोरं बदलतात, टोप्यांचे रंग बदलतात, आया तेच बोलतात. मी गॅलरीत उभी राहते आणि बस हलली की आत येते. एवढंच. आनंद होतो असं नाही, वाईट वाटतं असंही नाही. पाय दुखतात, मग बसते.

यंदा त्यातल्या एका बसमध्ये आमची गार्गी होती, माझ्या संदेशची मुलगी, चौथीतली. तिची सहल मगरी बघायला गेली होती. संध्याकाळी आली ती धुळीने माखलेली, हातात पुठ्ठ्याची मगर, आणि तोंडाला खळ नाही. मगर किती वर्षं जगते, तिला जीभ बाहेर काढता येत नाही, ती दगड गिळते. मी मेथी निवडत होते, हं हं करत होते. मग ती अंड्यांवर आली. तिथल्या दादांनी म्हणे त्यांना अंडी दाखवली आणि एक गोष्ट सांगितली. तीच गार्गीने मला सांगितली, आणि "आजी, भूक लागली गं" म्हणत उठून गेली. मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली.

ती गोष्ट मी सांगणार आहे, पण आत्ता नाही. आधी तो उन्हाळा सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि आमचे हे घरी बसले होते. लालबागची खोली सोडून आम्ही इकडे बोरिवलीला बैठ्या चाळीत आलो. गिरणीतल्या साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेला माणूस, कानाला सतत खडखडाटाची सवय. इकडची शांतता ह्यांना सोसायची नाही. मग गावच्याच एका ओळखीने ह्यांना काम मिळालं, खाडीपलीकडे गोराईला. एका गृहस्थांनी आपल्या माडांच्या वाडीत बाग काढली होती. बाग म्हणजे एक पिंजरा माकडांचा, एक मोरांचा, काचेच्या पेटीत एक अजगर, आणि मधोमध मोठा हौद. हौदात तीन मगरी, एक नर आणि दोन माद्या. लोक मगरींसाठीच यायचे. रस्त्यावर फळ्या लावल्या होत्या, बाण काढलेल्या, आणि त्यावर लाल तोंडाची मगर. तिचे दात रंगवणाऱ्याने माणसासारखे काढले होते.

ह्यांचं काम त्या मगरींना खायला घालायचं. आठवड्यातून दोनदा देवनारच्या कत्तलखान्यातून टेम्पोत मांसाचे तुकडे यायचे, ते बादल्यांतून हौदावर न्यायचे. सोमवारी ह्यांचा उपास. त्या दिवशी टेम्पो आला की हे बादली उचलायच्या आधी शंकराचं नाव घ्यायचे, आणि उतरवल्यावर परत एकदा. घरी आले की शर्टाला खाडीचा वास, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि त्याखाली तो दुसरा. मी शर्ट वेगळा भिजवायचे.

त्या वर्षी मी पहिलटकरीण होते. सातव्या महिन्यात गावाहून सासूबाई आल्या. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं तर आधी उठून बसायचं आणि मग वळायचं. झोपल्या झोपल्या वळलं की नाळ पोराच्या गळ्याला गुंडाळते. आमच्याकडच्या सगळ्याच बायका हे सांगतात, तुमच्याकडेही सांगत असतील. मी ऐकायचे. पण झोपेत माणसाला काय कळतं? एवढं मोठं पोट, अंग आंबून जातं, कूस आपोआप बदलते.

डिसेंबरात दिवस भरले आणि मुलगा झाला. गळ्याला नाळ होती. रडला नाही.

सासूबाईंनी त्याला फडक्यात गुंडाळलेला बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुका शंभरदा सांगलंय, उठान बसान कूस बदल म्हणान. ऐकलंस नाय." ओरडून नाही हो म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, स्वतः रडत म्हणाल्या. त्यांचा तो पहिला नातू होता. मी त्यांच्यावर कधी राग धरला नाही, आजही नाही. पण ते वाक्य आत जाऊन बसलं ते बसलंच.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. लोकांना वाटतं दुःख म्हणजे रडणं. मला रडू येत नव्हतं. शेजारच्या जयाबेन माझ्या पाठीवरून हात फिरवत, "रड गं, रडून मोकळी हो." मी त्यांच्याकडे बघायचे. त्यांच्या नाकातल्या चमकीला तीन खडे आहेत आणि त्यातला एक निघालाय, हे मला दिसायचं. दूध यायचं, ते घट्ट फडकं बांधून जिरवलं. फडकं ओलं झालं की दुसरं बांधायचे, जसं भांडं गळतंय म्हणून खाली दुसरं ठेवावं तसं. सासूबाई गावी गेल्या. हे सकाळी जायचे आणि परत यायचे तेव्हा मी त्याच जागी बसलेली असायची, त्याच भिंतीला टेकून. ताटावर झाकण तसंच. ह्यांनी आठ दिवस बघितलं. मग एका सकाळी चपला घालता घालता म्हणाले, "उठ. चल माझ्यावांगडा. हय एकट्यान बसान काय करतलंस?"

उठले. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

त्या थंडीतली होडी मला अजून आठवते. खाडीचं पाणी राखाडी, तिवरांच्या मुळांशी चिखल, पलीकडच्या काठावर काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, ओळीने, तोंडात तोंड अडकवलेले. होडीत सहलीचे लोक असायचे. नवी लग्नं झालेली जोडपी, चारकोपकडे नवीन घरं मिळालेली कुटुंबं, डब्यात पुरी-भाजी घेतलेली, ट्रान्झिस्टर लावलेला. सगळे मगरी बघायला. मी टोकाला बसायचे आणि पाण्यात बोट बुडवायचे. पाणी गार आहे हे कळायचं. गार लागायचं नाही.

बागेच्या दाराशी सिसिलियाबाय बसायची, तिथलीच, गोराईची. चौकटीचं लुगडं, केसांत फूल, पुढ्यात उकडलेल्या शेंगा आणि मीठ लावलेल्या काकड्या. तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "बाईल तुजी?" मग एक काकडी चिरून माझ्या हातात दिली. सगळ्यांत त्या बाईचं मला बरं वाटलं, कारण तिने मला रड म्हटलं नाही.

मी हौदाच्या कठड्याशी बसायचे. थंडीत मगरी हलत नाहीत, खातही नाहीत. उन्हात तोंड उघडं टाकून पडून राहतात. त्यातली थोरली मादी तर अशी पडायची की लोकांना पटायचंच नाही ती जिवंत आहे. रविवारी गर्दी व्हायची आणि तेच बोलणं.

"खोटी आहे रे, सिमेंटची आहे!"

"पैसे घेतात साले आणि सिमेंटची मगर दाखवतात."

"थांब, दगड मार."

मग दगड यायचे, शेंगांची टरफलं यायची. हे काठी घेऊन धावायचे, "ओ भाऊ, दगड नका मारू, जिता जनावर हा!" मगर हलायची नाही. पाठीवर दगड आपटून पाण्यात पडायचा, तरी नाही. मी पदर डोक्यावरून घेऊन शेजारी तशीच. एकदा कॉलेजातल्या पोरांचं टोळकं आलं होतं. त्यातला एक माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यार, ही बाई पण सिमेंटची काय?" सगळे हसले. ह्यांनी ऐकलं, ह्यांचा चेहरा लाल झाला. मला राग आला नाही. मला वाटलं, बरोबर बोलला. आता सांगताना हसू येतं, तेव्हा तेही आलं नव्हतं.

थंडी गेली. आंब्यांचा मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या. शाळांच्या सहली बंद झाल्या, परीक्षा आल्या, बाग रिकामी झाली. शिमग्याच्या सुमाराला थोरल्या मादीने हौदाच्या कडेच्या वाळूत खड्डा खणला आणि अंडी घातली. हे कळल्यावर मालक स्वतः धावत आले. मोठा उत्साही माणूस, घामाने पाठ भिजलेली, गळ्यात सोन्याची साखळी. पण दुसऱ्याच दिवशी मुंगसाने वाळू उकरून चार-पाच अंडी फोडली. मग ठरलं की उरलेली काढून आत खोलीत ठेवायची. तिकिटाच्या खिडकीमागे पत्र्याची एक खोली होती, तिथे लाकडी पेटी, पेटीत वाळू, वाळूत एकवीस अंडी. वर गोणपाट. मालकांनी रंगाऱ्याला बोलावून दारावर फळी लावली, 'मगरीची पिल्ले, लवकरच!' आणि ह्यांना म्हणाले, "मे महिन्याच्या गर्दीला पिल्लं पाहिजेत. झकास काम होईल. तुझ्यावर सोपवलं बघ."

ह्यांना अंड्यांतलं काय कळतंय? सगळा जन्म सुतात गेलेला. पेटीपुढे उभे राहून डोकं खाजवत होते. तेव्हा मी म्हटलं, "मी बघते."

कित्येक दिवसांत माझ्या तोंडून आपणहून निघालेले ते पहिले शब्द. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हौदातली मगर बोलली.

मला अंड्यांतलं कळत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. आमच्या माहेरी कोंबड्या होत्या. एकदा उबवणीला बसलेली कोंबडी कोल्ह्याने नेली आणि अंडी उघडी पडली. आईने ती टोपलीत भाताच्या तुसात ठेवली, टोपली चुलीमागे ठेवली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकेक अंडं हाताने परतलं. कोंबडी चोचीने परतते ना, तसं. मला जवळ बसवून म्हणाली होती, "एका कुशीवर ठेवलास तर पिल्लू कवचाक चिकटता. परतूक व्हया." आईची पिल्लं निघाली होती. पिवळीधमक, तुसात लडबडलेली. मी ती ओच्यात घेऊन गावभर हिंडले होते.

म्हणून मी पहिल्या दिवसापासून अंडी परतू लागले.

सकाळची होडी चुकू नये म्हणून मी लवकर उठायला लागले. अंड्यांना हात लावायचा तर अंघोळ हवी, म्हणून अंघोळ करायला लागले. ओले केस पेटीत गळू नयेत म्हणून वेणी घालायला लागले. आरशात बघितलं म्हणून कुंकू लावायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं हो, एकातून एक आलं. पेटीपाशी बसायचे, गोणपाट बाजूला करायचे, वाळूत बोटं घालायचे. मगरीचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा लांबट, मोठं, आणि खडूसारखं खरखरीत. हातात घेतलं की बोटांना पांढरं लागतंय असं वाटायचं. मी एकेक उचलायचे आणि कूस बदलून परत ठेवायचे. हळू, हलक्या हाताने. कुणाची झोप मोडू नये असं. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांच्या पोटावर एक पांढरा पट्टा दिसायला लागला होता, करगोट्यासारखा.

त्यानंतर एकदा डॉक्टर आले. जनावरांचे डॉक्टर, महिन्याकाठी एकदा स्कूटरवरून यायचे. मी खोलीत होते. खिडकीतून मला दिसलं, ते दारापाशी ह्यांच्याशी बोलत होते. काहीतरी समजावत होते. एका तळहातावर दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांनी टिंब काढून दाखवलं, मग तो हात उलटा केला आणि जोरात मान हलवली. स्कूटर चालू करता करता खिशातली पेन्सिल काढून ह्यांना दिली.

हे आत आले. पेन्सिल कानावर होती. पेटीपाशी उकिडवे बसले आणि वरच्या दोन अंड्यांवर पेन्सिलीने टिंबं काढली. तिसऱ्याकडे हात नेला, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा, त्याला अजून परतायचंय." आणि मी ते उचलून परतलं.

ह्यांचा हात तसाच राहिला.

"परततंस?"

"हो. रोज. दोन वेळा."

"सगळी?"

"सगळी. आई करायची ना तशी. नाहीतर चिकटतात हो आतल्या आत." मी बोलत होते, आणि बोलता बोलता पुढचं अंडं परतत होते. "आता कसं, काल कुठलं परतलं ते लक्षात ठेवावं लागत नाही, ओळीनेच घेते मी. तुम्ही खुणा करताय त्या बऱ्या. कळेल मला."

हे माझ्याकडे बघत बसले. बाहेर मोर ओरडत होता. मग ह्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बरा करतंस हां."

बाकीच्या अंड्यांवर ह्यांनी खुणा केल्या नाहीत. मी कधी विचारलं नाही का ते.

एप्रिलात परीक्षा संपल्या आणि लोक परत यायला लागले. दारावरची फळी वाचायचे आणि खिडकीशी येऊन विचारायचे, "ताई, किती दिवस राहिले?" चार-पाच महिन्यांपूर्वी हाच प्रश्न मला सगळी चाळ विचारत होती. मला ते जाणवलं, पण टोचलं नाही. मी सांगायचे, "होतील, मेच्या मध्याला." एक म्हातारी दादरहून नातवंडांना घेऊन आली होती, तिने पेटीवर हळद-कुंकू वाहिलं, गंगेचं वाहन म्हणून. सिसिलियाबाय तर रोज डोकवायची, "काय गो, तुजी पोरां काय म्हणतात?" आणि मी म्हणायचे, "निजलीत." एकदा असं म्हणताना मी हसले. सिसिलियाबायने ते बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं, हे मला मागाहून कळलं. हसली म्हणे.

मला मध्ये एकदा ताप आला. अंग मोडून निघालं होतं, उठवेना. पण सकाळ झाली आणि माझी तगमग सुरू झाली, अंडी कोण परतणार? मी साडी नेसायला उठले आणि भिंतीला धरून परत बसले. ह्यांनी मला खांद्याला धरून आडवं केलं. "तू नीज. मी परततंय."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"सगळी हां. खालची राहतात. आणि हलक्या हाताने."

"होय गो माझे बाय, हलक्या हातान."

दोन दिवसांनी मी दुपारच्या होडीने गेले आणि पेटी उघडली. पेन्सिलीची टिंबं असलेली दोन अंडी मी वर टिंब करून ठेवली होती. टिंबं आता खालच्या बाजूला होती. मी उचलून पाहिलं. ह्यांनी खरंच परतली होती, एकही चुकवलं नव्हतं. मला तेव्हा माणसाचं कौतुक वाटलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे.

मे उजाडला आणि गर्दी अशी झाली की होडीत पाय ठेवायला जागा नाही. पांढरा पट्टा जिथे होता तिथेच राहिला होता, वाढला नव्हता. मला वाटायचं, मगरीचं असंच असेल. डॉक्टर परत एकदा येऊन गेले, पण हे त्यांना खोलीत घेऊन आले नाहीत, बाहेर माडाखालीच उभे राहून बोलले. डॉक्टरांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला. मीही केला. मेचा मध्य आला, गेला. मालक रोज विचारायचे. मी कान लावून बसायचे, कारण आईने सांगितलं होतं की निघायच्या आधी आतून टकटक होते. वाळू गप्प असायची.

शेवटी महिना संपत आला तेव्हा मालकांनी स्वतः एक अंडं उचललं, हलवलं, आणि पेटीच्या कडेवर फोडलं. आतलं मी सांगत नाही. वास आला. मग दुसरं फोडलं, मग तिसरं. टिंबाचंही फोडलं. मालक भडकले. "वाट लावलीस ना! बोर्ड लावलाय मी दारावर, लोक हसतायत मला! काय केलंस काय तू?"

मी पुढे होऊन काही बोलणार होते. काय बोलणार होते ते आता आठवत नाही. हे माझ्या आणि मालकांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"माझी चूक झाली शेट," हे म्हणाले. "गरम व्हता म्हणान मी वाळवेत पाणी घातलंय. जास्ती झाला. कुजली."

"तुला कुणी सांगितलं होतं पाणी घालायला?"

"कोणी नाय."

काम गेलं. त्याच दिवशी गेलं. परतीच्या होडीत मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले. मनात एकच, मी सकाळ-संध्याकाळ जीव लावून परतली, आणि ह्या बाबाने पाणी घालून कुजवली. काठाला लागता लागता मी म्हटलं, "एक काम धड करता येत नाही तुम्हाला." हे म्हणाले, "नाय येणा." आणि हात देऊन मला उतरवून घेतलं. घरी आल्यावर मी रडले. भांडले आणि रडले, पोटभर. अंड्यांसाठी रडतेय असं म्हणत होते. जयाबेन दारात येऊन उभ्या राहिल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

पुढे ह्यांना चारकोपच्या एका कारखान्यात काम लागलं, यंत्राचा खडखडाट परत मिळाला, माणूस सुधारला. दोन वर्षांनी संदेश झाला. त्या वेळी कूस बदलायची तर मी धडपडत उठून बसायचे. हे म्हणाले, "नीज गो तशीच. तसा काय नसता." दवाखान्यातल्या बाईंनीही नंतर मला समजावलं, नाळेचं आणि कुशीचं काही नातं नाही, त्यात तुमचा काही दोष नव्हता. मी मान हलवली. ऐकलं म्हणून हलवली.

आणि अंड्यांची आमच्या घरात थट्टा झाली. काळ गेला की सगळ्याची होते. भात मऊ झाला की मी म्हणायचे, "घातलंत पाणी? मगरीची अंडी कुजवलीत तशी!" ह्यांनी तुळशीला तांब्या उचलला की, "बेतानं हो, मगरीची अंडी नाहीत ती!" पोरगा मोठा झाला, तोही म्हणायला लागला. सून आली, तिला आठ दिवसांत कळलं. पाहुण्यांपुढे, लग्नकार्यात, कुठेही. हे हसायचे. प्रत्येक वेळी हसायचे. "कुजवलंय खरी," म्हणायचे, आणि चहाचा कप पुढे करायचे. कितीएक वर्षं मी ह्यांना ते ऐकवलं. ह्यांना जाऊन आता चार वर्षं झाली, अजून ऐकवतो आम्ही, फोटोकडे बघून.

आता गार्गीने काय सांगितलं ते सांगते.

"आजी, मगरीची अंडी ना, कोंबडीसारखी फिरवायची नसतात. अजिबात नाही. घातली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आतलं पिल्लू वरच्या बाजूला चिकटून बसतं. अंडं उलटं केलं की ते मरतं. म्हणून ते दादा ना, अंडी उचलायच्या आधी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने टिंब काढतात. टिंब कायम वर. मज्जा ना?"

एवढंच. मग तिला भूक लागली.

मी मेथी निवडून संपवली. धुतली, चिरली. माझे हात नीट चालले होते. बाळाचं मी काही केलं नव्हतं, ते माझ्या पदरात घातलं गेलं. अंडी मी मारली, एकवीसच्या एकवीस, ती ह्यांनी पाण्याचं खोटं सांगून आपल्या पदरात घेतली. त्या खोलीत पेन्सिल घेऊन बसले तेव्हा ह्यांना कळलंच असणार, ती गेलीत. आता परत कूस बदलण्यावरून हिला कुणी काही बोलायचं नाही, एवढं ह्यांनी ठरवलं असणार. आणि तापाच्या त्या दिवसांत मेलेली अंडी ह्यांनी दोन्ही वेळा परतली, सगळी, खालचीसुद्धा, हलक्या हाताने. कारण मी विचारणार होते.

रडू आलं का? नाही आलं. वाटलं होतं येईल. मी बराच वेळ वाट बघितली, जशी पेटीला कान लावून बघायचे तशी.

परवा रविवारी संदेशने पुलाव केला. त्याला सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकाची हौस. झाकण काढलं तर शितं फुगून गोळा झालेला. त्याने डाव वर धरला, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, "झालं! आज आपण बाबांची मगरीची अंडी खायची!" सून हसली, गार्गी हसली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पुढचं वाक्य नेहमी माझं असतं.

"तुझ्या बाबांनी पाणी घातलंच नव्हतं रे," मी म्हटलं.

"कशात?"

"वाळूत," मी म्हटलं. "वाढ आता. निवतंय."